नाशिकची उसनी थंडी

आमच्या सुशिक्षित वर्गाची एक जुनी खोड आहे. एखादी वस्तु आवडूं लागली म्हणजे ती आवडते एवढें सांगून त्याचें समाधान होत नाहीं. त्या आवडीला शास्त्राचा, संस्कृतीचा, आणि जमल्यास भूगोलाचाहि आधार द्यावा लागतो. गेल्या पंचवीस वर्षांत नाशिकची वाइन आमच्या दिवाणखान्यांत आली, ती अशीच हवामानाचें प्रशस्तिपत्र हातांत घेऊन आली. नाशिकची हवा थंड, जवळजवळ युरोपासारखी. म्हणून तेथें युरोपांतलीं द्राक्षें होतात. आणि म्हणून त्या द्राक्षांचें मद्य दारूंत मोडत नाहीं, तें संस्कृतींत मोडतें. अशी ही तीन पायऱ्यांची शिडी आहे. शनिवारीं मुंबई-ठाण्याच्या मोटारी कसाऱ्याचा घाट चढून जातात, गंगापूर धरणाच्या आसपासचे मळे पाहतात, आणि रविवारीं परततांना ही शिडी बरोबर घेऊन येतात. आमच्या वसई-विरारच्या नव्या वसाहतींतूनहि आतां हें बोलणें नित्याचें झालें आहे.

या शिडीची पहिली पायरी मोडकी आहे, हें आम्ही प्रथम दाखविणार आहों. हा वाद भूगोलापुरताच असता तर त्यासाठीं मासिकाचीं पानें अडविण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्या थंडीच्या नांवानें एका मद्याला अब्रू मिळते तिच्याच नांवानें दुसऱ्या मद्याची अब्रू जाते. तें दुसरें मद्य मोहाच्या फुलांचें आणि ताडाच्या रसाचें. तें ज्यांचें, ते वारली, कातकरी व मल्हार कोळी या वसईच्या पूर्वपट्टींत, म्हणजे ज्या चांदीपहून आम्ही हें लिहीत आहों तेथें, आमच्या शेजारीं राहतात. शेजाऱ्याच्या अब्रूचा प्रश्न आला म्हणजे भूगोलाचा वादहि नीट करावा लागतो.

थंड हवेचीं म्हणून जीं द्राक्षस्थानें जगांत प्रसिद्ध आहेत तीं कोठें आहेत तें पाहूं. जर्मनींतील मोझेल नदीचें खोरें 50 अक्षांशाच्या आसपास आहे. फ्रान्सचा शांपेन प्रांत 49 च्या जवळ. न्यूझीलंडचा मार्लबरो प्रांत दक्षिण गोलार्धांत 41 च्या पलीकडे. नाशिक 20 अक्षांशावर आहे. मोझेलच्या कांठचा शेतकरी दक्षिणेकडे तोंड असलेली उभी उतरण शोधतो. दिवसां तापलेला काळा पाटीचा दगड रात्रीं वेलीला ऊब देईल, नदीच्या पाण्यावरून परतलेला उजेड पानांवर पडेल, असा बारीक हिशेब करतो. त्याचें सारें आयुष्य उन्हाची याचना करण्यांत जातें. वसंतांतलें दंव कोंवळ्या फुटीला जाळील काय, आणि शरद संपण्यापूर्वीं फळ पिकेल काय, या त्याच्या दोन चिंता. नाशिकच्या शेतकऱ्याची चिंता बरोबर उलट आहे. फळ पिकणार याविषयीं त्याला शंका नाहीं. तें फार लवकर पिकेल, साखर चढेल आणि आंबटपणा उतरेल, याची त्याला धास्ती. ज्या दोन शेतकऱ्यांच्या चिंता एकमेकींच्या विरुद्ध आहेत त्यांच्या हवेला एकच विशेषण लावणें म्हणजे भाषेवर जुलूम आहे.

कोणी म्हणेल कीं अक्षांशावरून काय ठरतें, उंचीनेंहि थंडी येते. हें खरें आहे. परंतु नाशिकची उंची सुमारें 2,000 फूट एवढीच आहे, आणि तेवढ्या उंचीनें तीस अक्षांशांचें अंतर भरून निघत नाहीं. तरीहि वाद अंदाजावर सोडण्याचें कारण नाहीं, कारण याला मोजमाप आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील अमेरिन व विंक्लर या दोघां शास्त्रज्ञांनीं 1944 सालीं द्राक्षप्रदेशांचे उष्णतेवरून पांच वर्ग पाडले. एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांत रोजचें सरासरी उष्णतामान 50 अंश फॅरनहाइटच्या जितकें वर असेल तितके अंश धरावे आणि सात महिन्यांची बेरीज करावी, अशी त्यांची रीत. बेरीज 2,500 च्या आंत आली तर प्रदेश पहिल्या, म्हणजे थंड, वर्गांतला. 4,000 च्या वर गेली तर पांचव्या, अति उष्ण वर्गांतला. आतां नाशिकवर शक्य तेवढी मेहेरबानी करूं. एप्रिल-मेचा उन्हाळा हिशेबांतून काढून टाकूं, आणि सर्वांत थंड जो जानेवारी महिना तोच सात महिने चालतो असें मानूं. जानेवारींत नाशिकची दिवसरात्रीची सरासरी 19 अंश सेल्सिअस, म्हणजे 66 फॅरनहाइटच्या आसपास धरली, तरी रोजचे सोळा अंश आणि 214 दिवस मिळून बेरीज 3,400 च्या वर जाते! अर्थात् नाशिकला बारा महिने हिंवाळा असता तरी तें थंड वर्गांत बसलें नसतें. या हिशेबाला चौथ्या इयत्तेचा गुणाकार पुरतो; तरीहि तो आमच्यापैकीं फारसा कोणी करीत नाहीं, कारण उत्तर कोणाला नको आहे.

मग नाशिकला थंडी नाहींच काय? आहे, पण ती रात्रीची आहे, आणि थोड्या महिन्यांची आहे. डिसेंबर-जानेवारींत तेथें पहांटे पारा दहाच्या खालीं उतरतो. निफाडकडे तर त्याहूनहि पुष्कळ खालीं जातो आणि वर्तमानपत्रांत बातमी होते. दिवसां पुन्हां स्वच्छ ऊन. खऱ्या कौतुकाची गोष्ट ही कीं, एवढ्याशा थंडीला हातीं धरून नाशिकच्या शेतकऱ्यानें द्राक्षाचें सबंध पंचांगच फिरविलें. ही कथा सांगण्यासारखी आहे, आणि नेमकी तीच ‘थंड हवेच्या’ गप्पांत बुडून जाते.

युरोपांत वेल हिंवाळ्यांत झोपते. पानें झडतात, रस खालीं उतरतो, आणि वसंतांत डोळे आपोआप फुटतात. वर्षाला एक झोप आणि एक जागृति. आमच्या पठारावर वेलीला झोपच येत नाहीं. तिला तिच्या मर्जीवर सोडली तर ती बाराहि महिने हिरवी राहील, वाटेल तेव्हां फुटेल, आणि घड धरील किंवा धरणार नाहीं. म्हणून शेतकरी तिला वर्षांतून दोनदां छाटतो. एप्रिलमध्यें खरडछाटणी होते. या छाटणीनंतर जी नवी काडी येते तिच्या डोळ्यांत उन्हाच्या तापानें पुढच्या घडांची बीजें धरलीं जातात. पावसाळाभर वेल नुसतीं पानें घेऊन उभी राहते; त्या दिवसांत फळ असतें तर डावणीनें आणि कुजव्यानें तें हातीं लागलें नसतें. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी, गोडी बहाराची छाटणी. तेव्हां डोळे एकदम आणि सारखे फुटावे म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडाचा लेप हातानें लावावा लागतो. जें काम युरोपांत हिंवाळा फुकट करतो तें येथें मजुरीचे पैसे देऊन करून घ्यावें लागतें. यानंतर घड वाढतात, आणि पिकण्याचे दिवस नेमके थंड रात्रींशीं जुळून येतात. वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारीपासून मार्चपर्यंत, आणि तीहि पुष्कळदां ऊन चढण्यापूर्वीं. युरोपाची वेल वसंतांत फुटते आणि शरदांत पिकते. नाशिकची शरदांत फुटते आणि वसंताच्या उंबरठ्यावर पिकते.

याला आम्ही उसनी थंडी म्हणतों. उसनी म्हणण्यांत कमीपणा नाहीं. गृहस्थानें वेळेवर उसनें आणून संसार नीट चालविला तर त्याची तारीफच होते. परंतु उसन्या दागिन्यांना वडिलोपार्जित म्हणून मिरवणें हें निराळें. ही उसनवारी मळ्यापुरतीच नाहीं. पांढऱ्या वाइनचा रस आंबवितांना तो साधारणतः 12 ते 16 अंश सेल्सिअसवर ठेवावा लागतो, नाहींतर द्राक्षाचा सुगंध उडून जातो. फेब्रुवारी-मार्चच्या नाशिकांत ही थंडी हवेंतून मिळत नाहीं. दुहेरी भिंतीच्या पोलादी टांक्यांभोंवतीं यंत्रानें थंड केलेला द्रव फिरतो, आणि त्याचें विजेचें बिल कारखानदार भरतो. उष्ण देशांत रसाचा आंबटपणा कमी पडला तर टार्टरिक आम्ल वरून घालण्याचीहि रीत जगांत सर्वमान्य आहे. पाहुण्यांना मळा दाखवितांना हवेची स्तुति होते. खरी थंडी त्या टांक्यांच्या भिंतींत असते.

आणखी एक साक्ष आहे आणि ती खुद्द द्राक्षांची आहे. नाशिकच्या मद्यांत ज्या जातींनीं नांव मिळविलें त्या कोणत्या? शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों, झिनफांडेल. यांतील शेनिन मूळची फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यांतली खरी, परंतु तिचा गुण असा कीं ती उन्हांतहि आपला आंबटपणा टिकवून धरते. म्हणूनच ती दक्षिण आफ्रिकेंत इतकी रुजली. शिराझ ऱ्होन नदीच्या कांठची, आणि तिनें कीर्ति मिळविली ती ऑस्ट्रेलियाच्या तापट मैदानांत. झिनफांडेल कॅलिफोर्नियाच्या उन्हाची. उलट थंड हवेची जी खरी मानकरी, ती बर्गंडीची पिनो न्वार, तिला आमचें पठार फारसें मानवत नाहीं. मोझेलची रीझलिंग येथें कोणी केलीच तर हौस म्हणून थोडी करतो. माणसें पाहुण्यांशीं खोटें बोलूं शकतात, वेलीला तें येत नाहीं. नाशिकनें शेनिन आणि शिराझ पसंत केल्या यांत नाशिकनें आपली हवा काय आहे तें स्वच्छ सांगून टाकलें आहे.

खाण्याच्या द्राक्षांविषयीं हा घोटाळा नाहीं. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, शरद सीडलेस यांची जोपासना करणारा शेतकरी, मग तो पिंपळगांवचा असो कीं तासगांवचा, थंडीच्या बढाया मारीत नाहीं. त्याला बिनबियांचा, लांबट, फुगीर मणी हवा असतो, आणि त्यासाठीं तो जिबरेलिक ॲसिडांत घड बुडवितो. वाइनच्या द्राक्षाचें काम उलटें आहे. तेथें मणी लहान, साल जाड आणि बी असलेलाच बरा, कारण लाल मद्याचा रंग व तुरटपणा हीं सालींत आणि बियांत असतात. हीं दोन्ही कामें एकाच तालुक्यांत, एकाच काळ्या मातींत, कधीं कधीं एकाच घरांतले दोन भाऊ करतात. महाराष्ट्राच्या एकूण द्राक्षांपैकीं वाइनकडे जाणारा भाग अगदीं थोडा आहे. तरी बोलबाला होतो तो त्या थोड्याचाच! भोकरी, फकडी, काळी साहेबी, पांढरी साहेबी हीं या महाराष्ट्रांतल्या जुन्या द्राक्षांचीं नांवें तर आमच्या पुढच्या पिढीला कोशांतच शोधावीं लागतील.

ज्यांनीं हा धंदा उभारला त्यांच्याविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं. 1980 नंतरच्या दशकांत श्यामराव चौगुले यांनीं जुन्नर तालुक्यांत नारायणगांवीं फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनें फेसाळणारें मद्य काढलें आणि तें परदेशीं विकून दाखविलें. राजीव सामंत यांनीं नाशिकजवळ सोव्हिन्यों आणि शेनिनच्या वेली लावल्या. त्यांच्या सुला कारखान्याचें मद्य 2000 सालीं बाजारांत आलें. 1997 सालीं पुण्याजवळ मांजरी येथें द्राक्षांसाठीं राष्ट्रीय संशोधन केंद्र निघालें. हें सर्व उद्योगाचें आणि बुद्धीचें काम आहे. आमचा राग आहे तो त्या कामाभोंवतीं आमच्याच वर्गानें उभारलेल्या आरशांवर. नाशिकला कोणी हिंदुस्थानचें नापा म्हणतो, कोणी बोर्डो म्हणतो. ज्या गांवाला गोदावरी आहे, पंचवटी आहे, स्वतःच्या नांवाला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, त्याला कॅलिफोर्नियांतल्या एका खोऱ्याच्या नांवानें हांक मारल्याखेरीज आम्हांला त्याचा मान वाटूं नये, ही गुलामगिरी 1947 सालीं संपली असें आम्ही समजत होतों.

मद्याला मुलखाचें नांव द्यावें हा विचार पाश्चात्त्यांकडून शिकण्याचीहि गरज नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक प्रकरण आहे. त्यांत द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या मद्याला ‘मधु’ म्हटलें आहे, आणि त्याचे कापिशायन व हारहूरक असे प्रकार तें ज्या देशांत होतें त्यांच्या नांवांवरूनच ओळखावे असें सांगितलें आहे. कपिशा हा आजच्या अफगाणिस्तानांतला मुलूख. फ्रान्सनें हेंच तत्त्व 1935 सालीं कायद्यांत घातलें. तेथील बाटलीवर प्रथम गांव दिसतें, द्राक्षाची जात पुष्कळदां छापलेलीहि नसते. आमच्याकडे ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नांवाला 2010 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. तरी चार सुशिक्षित पाहुण्यांना विचारून पाहावें: त्यांना शेनिनचा उच्चार पाठ असतो, दिंडोरी कोठें आहे हें ठाऊक नसतें.

येथपर्यंतचा दोष हास्यास्पद आहे, घातक नाहीं. घातक भाग पुढें आहे. थंड हवा, परदेशी द्राक्ष आणि संस्कृति या शिडीवर चढून हें मद्य सरकारच्या दारीं गेलें, आणि तेथें त्याचें स्वागत झालें. 2001 सालीं महाराष्ट्र शासनानें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें स्वतंत्र धोरण जाहीर केलें, वाइनला उत्पादन शुल्कांतून सूट दिली, आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन उद्यानें आंखलीं. जानेवारी 2022 मध्यें मंत्रिमंडळानें याहून पुढें जाऊन मोठ्या किराणा दुकानांत वाइनची विक्री होऊं देण्याचा निर्णय घेतला. अण्णा हजाऱ्यांनीं उपोषणाचा इशारा दिला, विधिमंडळांत व बाहेर गदारोळ झाला, आणि निर्णय अंमलांत आला नाहीं. पण त्या दिवसांत ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हें वाक्य जबाबदार माणसांच्या तोंडून ऐकूं आलें. तें आमच्या चांगल्या स्मरणांत आहे.

आतां दुसरें चित्र पाहा. मोहाचें झाड लावावें लागत नाहीं, त्याला फवारणी नाहीं, लेप नाहीं, पोलादी टांकी नाहीं. मार्च-एप्रिलमध्यें रात्रीं त्याचीं रसाळ फुलें गळतात आणि उजाडण्यापूर्वीं बायका-मुलें तीं वेंचतात. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखर असते. टंचाईच्या दिवसांत गरीबांनीं तीं शिजवून खाल्लीं आहेत, आणि बियांचें तेल घातलें आहे तें निराळेंच. या झाडावर इंग्रज सरकारची नजर गेली ती महसुलासाठीं. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्यानें गांवोगांवच्या भट्ट्यांची आणि ताडीच्या झाडांची नाडी सरकारच्या हातीं आली. तेवढ्यानें पुरेना म्हणून 1892 सालीं ठाणें आणि कुलाबा या जिल्ह्यांना लक्षून मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा झाला. वसई तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होती. म्हणजे आमच्या या टापूंत झाडाखालचें फूल घरांत सांठविणेंहि संशयाचें कृत्य ठरलें. फूल वेंचणारा गुन्हेगार, ही कल्पना त्या कायद्यानें आम्हांला दिली. पुढें 1949 चा दारूबंदी कायदा आला, त्यानेंहि मोहफुलांवरचा पहारा उठविला नाहीं. फुलें गोळा करण्यावरचे, सांठविण्यावरचे आणि नेण्याआणण्यावरचे निर्बंध महाराष्ट्र सरकारनें उठविले ते 2021 सालीं, म्हणजे इंग्रजांच्या कायद्यानंतर 129 वर्षांनीं. आणि अजूनहि मोकळीक आहे ती फुलाला आहे. घरीं काढलेलें त्याचें मद्य हातभट्टींतच मोडतें. द्राक्षाला धोरण आणि उद्यान, मोहाला फौजदार: ही वांटणी हवेनें केलेली नाहीं, आम्हीं केली आहे.

येथें आमचे मित्र आक्षेप घेतील, आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा कीं वाइन सौम्य असते आणि मोहाची दारू ऊर्ध्वपातनानें काढलेली, जहाल असते. हा आक्षेप खरा आहे, आणि प्रमाणावरून कायदा करावयाचा असेल तर आमची पूर्ण संमति आहे. मग ताडीचें काय करतां? नाशिकच्या वाइनमध्यें मद्यार्क साधारणतः शेंकडा 12 ते 14 असतो. ताडी वाइनसारखीच नुसती आंबलेली असते, तींत तो साधारणतः पांच-सहाच्या आसपास भरतो. जी वस्तु निम्म्याहूनहि सौम्य ती असभ्य, आणि जी दुपटीहून जहाल ती सभ्य, हा कोणत्या शास्त्राचा सिद्धान्त? येथें मोजलें जातें तें मद्यार्काचें प्रमाण नसून पिणाऱ्याच्या अंगावरचें कापड असतें.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या हिताचा. वाइननें द्राक्षबागायतदाराला आणखी एक गिऱ्हाईक मिळतें, बाजार पडला तर आधार होतो, अवकाळीनें नागवलेल्याला हें थोडें नाहीं, असें म्हणतात. आम्हीं वर म्हटल्याप्रमाणें हा आधार थोड्याच शेतकऱ्यांच्या वांट्याला येतो. तरी तो आहे हें आम्ही मानतों. परंतु हित हा निकष असेल तर पहांटे मोहाखालीं वांकणाऱ्या बाईचें हित मोजतांना तराजू का बदलतो? तिच्याजवळ एकरभर बाग नाहीं, बँकेचें कर्ज नाहीं म्हणून कर्जमाफीहि नाहीं. तिच्या फुलांना चांगला भाव मिळाला तर तिला मिळेल तो शब्दशः तोंडांतला घांस.

तिसरा आक्षेप भेसळीचा आणि विषबाधेचा. जून 2015 मध्यें मालाडच्या मालवणींत विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं, हें कोण विसरेल? परंतु तेथें माणसें मारलीं तीं मिथेनॉलनें, मोहाच्या फुलानें नव्हे. कारखान्यांत वापरावयाचें रसायन चोरून दारूंत मिसळलें जातें तें चोरीच्या धंद्यांत. तपासणी, शिक्का आणि पावती असलेल्या धंद्यांत तें करणें कठीण जातें. गोव्यानें काजूच्या फेणीला 2009 सालीं भौगोलिक मानांकन मिळवून दिलें. फेणी ऊर्ध्वपातनाचीच आहे, वासानें उग्र आहे, आणि गरीबाघरची आहे. तरी गोवेकरांना तिची लाज वाटली नाहीं.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो घेणारांचा आम्ही आदर करतों. मद्य तें मद्य. द्राक्षाचें असो कीं मोहाचें, तें घरें बुडवितें. मग एकाला प्रतिष्ठा मिळाली म्हणून दुसऱ्यालाहि मिळवून देण्याचा हा खटाटोप कशाला? आम्ही मद्याची वकिली करीत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी 2023 मध्यें स्पष्ट सांगितलें कीं मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं; आणि हें सांगतांना तिनें द्राक्षाला सवलत दिलेली नाहीं. रोज पेलाभर लाल वाइन हृदयाला औषध, असें जे जेवणाच्या टेबलावर सांगतात त्यांनीं हें वाचावें. पाड्यावर नवऱ्याच्या दारूनें गांजलेल्या बायका आम्हीहि पाहतों. त्यांच्यासाठीं कायद्यांत मार्ग आहे: अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसंबंधींच्या 1996 च्या कायद्यानें मादक पदार्थ बंद करण्याचा किंवा त्यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला व पंचायतीला देण्याची तरतूद केली आहे. पालघर जिल्ह्याचा मोठा भाग आणि वसई तालुक्यांतील कांहीं गांवें या क्षेत्रांत येतात. त्या बायकांनीं ग्रामसभेंत बसून आपल्या पाड्याची दारू बंद केली तर आम्ही त्यांना नमस्कार करूं. परंतु दिवाणखान्यांत बसून, हातांत शेनिनचा पेला धरून, कोणी त्यांच्या वतीनें नीतीचा उपदेश करूं लागला तर त्याला आम्ही प्रथम पेला खालीं ठेवावयास सांगूं.

तेव्हां आमचें मागणें थोडक्यांत असें आहे. पहिलें, नाशिकच्या द्राक्षभूमीला थंड म्हणणें सोडावें आणि ती जशी आहे तशी, उष्ण पठारावरची, दोन छाटण्यांची, हिंवाळ्यांत पिकणारी, अशी तिची ओळख जगाला करून द्यावी. हें वर्णन कोणत्याहि उसन्या वर्णनापेक्षां अधिक अभिमानाचें आहे. बाटलीवर नाशिक, दिंडोरी, निफाड हीं नांवें मोठ्या अक्षरांत यावींत, फ्रेंच जातींचीं लहान. दुसरें, जें शास्त्र मांजरीला द्राक्षासाठीं राबतें त्याच्या शतांशानें तरी मोह, ताड आणि पालघरच्या बहाडोलीचें जांभूळ यांच्याकडे वळावें. मद्यच केलें पाहिजे असें नाहीं. गूळ, सरबत, तेल, खाद्य असें पुष्कळ करतां येईल. या जिल्ह्यांतल्या घोलवडच्या चिकूला 2016 सालीं मानांकन मिळालें आहे. मोहानेंच काय पाप केलें? तिसरें, कायदा मद्यार्काच्या प्रमाणावरून आणि शुद्धतेवरून करावा. तो सौम्य करावयाचा तर सर्वांना सौम्य, कडक करावयाचा तर सर्वांना कडक.

यांतील तिसरें मागणें आमच्या वर्गाला रुचणार नाहीं, याची आम्हांस कल्पना आहे. पहिलीं दोन मान्य करून टाळ्या वाजवितां येतात. तिसऱ्यानें आपलें स्वतःचें कपाट उघडावें लागतें. पण जोपर्यंत द्राक्षाचा पेला आणि ताडीचें मडकें एकाच मापानें मोजण्याची आमची तयारी नाहीं, तोपर्यंत नाशिकच्या थंड हवेविषयींचें आमचें बोलणें हवामानशास्त्राचें समजूं नये. तें जातिभेदाचेंच आधुनिक रूप आहे, आणि त्याला तेवढ्याच स्पष्ट शब्दांत नांव दिलें पाहिजे.